चिदोरीची उजवी बाजू

ओनोमिची, ११ एप्रिल १९९७

भावजी,

फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' याखेरीज तिसरा शब्द बोलत नाही, आणि त्या दुकानातल्या फोनला सगळं बेट कान लावून असतं, म्हणून लिहितेय. पत्राला निदान मध्येच 'हं, ठेवतो' म्हणता येत नाही.

ताईला इस्पितळात ठेवून आज बावीस दिवस झाले. तुम्ही एकदा आलात, पहिल्या दिवशी, तिची पिशवी उचलायला. पिशवी ठेवलीत, खिडकीतून वारा कुठला आहे ते पाहिलंत आणि चारच्या बोटीनं परत गेलात. बेटावरून इथं यायला पाऊण तास लागतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा क्यूशूहून येतो, आठवड्यातून दोनदा. त्या बाईनं ताईला विचारलं, "तुमचे यजमान समुद्रावर असतात वाटतं?" ताई म्हणाली, "समुद्राच्या काठावर असतात. होडीखाली." आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

औषधाचा पहिला फेरा संपला. पोटातली गाठ तसूभरही हललेली नाही. आणि तुम्ही त्या सव्वीस वर्षांच्या होडीला रंग देत बसलाय! यंदा ती रंगली नाही म्हणून कुणाचं काय अडणार आहे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत झाली.

रविवारी या. बोटीचा भोंगा वाजला की ती दाराकडे बघते. मग मी उगीच उठून दार लावून घेते, म्हणजे तिला बघावं लागत नाही.

हिसायो

हिनाशिमा, १५ एप्रिल

हिसायो,

पत्र मिळालं. सोबत डझनभर हासाकू पाठवतोय, आपल्या झाडाची. साल जाड आहे पण आत रस आहे. नामिएला आंबट चालत असेल तर सोलून दे.

रविवारी जमणार नाही. चिदोरीचा जुना रंग खरवडतोय. दर वर्षी नव्यावर नवा चढवत गेलो, जुना कधी पुरता काढला नाही. तांबड्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तो पोपटी, जो नामिएनं हट्टानं आणला होता आणि ज्याला सगळं बंदर हसलं होतं. तो लागला तेव्हा जरा वेळ बसलो.

त्याच्याखाली फोड आहेत. पाण्याखाली असतो त्या सगळ्या भागावर, काही वाटाण्याएवढे, काही नाण्याएवढे. खडूनं गोल करून मोजले, दोनशे चौदा भरले. टोचला की आतून पाणी येतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास असतो. फायबर वर्षानुवर्षं पाणी पीत राहतं आणि ते आत आंबतं. बाहेरून पांढरीशुभ्र दिसते, काही कळत नाही. एकाहत्तर साली मी ही जूनच्या ओल्या हवेत बांधली. लग्न जुलैत होतं, नामिएला हिच्यातूनच बेटावर आणायचं असा माझा हट्ट होता. माझे गुरू इवाओसान म्हणाले होते, थांब, हवा कोरडी होऊ दे. मी थांबलो नाही.

आता सगळे फोड उघडायचे, गोड्या पाण्यानं धुवायचे, वाळवायचे, लांबीनं बुजवायचे, घासायचं, प्रायमर, मग रंग. पावसाळ्याच्या आत व्हायलाच हवं. सात आठवडे आहेत.

ती काय जेवते, किती जेवते, ते लिही. रोजचं रोज लिही.

तेत्सुरो

ओनोमिची, २४ एप्रिल

भावजी,

रोजचं रोज लिही म्हणे! मी काय हवामान खातं आहे?

हासाकूच्या दोन फोडी खाल्ल्या तिनं. सालं टाकू देत नाही, खिडकीत वाळत घातली आहेत. घरचा वास येतो म्हणते. त्या घरात एक माणूसही आहे हे मी तिला आठवण करून देत नाही.

गेल्या आठवड्यात तिचे केस गेले. तुम्हाला ठाऊक आहेत ते केस. कमरेपर्यंत, सरळ, आई रोज कामेलियाचं तेल लावून विंचरायची आणि माझी पाळी आली की कंगवा ठेवून उसासा टाकायची. माझ्या डोक्यावर हे समुद्रातलं कुरळं शेवाळ, हवा दमट झाली की गुंता होणारं, आजही तसंच. तर उशीवर सगळे पडलेले पाहून ताई म्हणते, "देवानं चुकीच्या बहिणीचे नेले. हिसायोचे नेले असते तर गावात साखर वाटली असती." नर्ससुद्धा हसली. मग ताई न्हाणीघरात गेली आणि अर्धा तास नळ सोडून बसली. पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

तुम्हाला दोनशे चौदा फोड मोजायला वेळ आहे. इथं मोजायला एकच माणूस आहे.

हिसायो

हिनाशिमा, २ मे

हिसायो,

तिचे गळलेले केस टाकले नाहीत ना? टाकले असतील तर कुठे? थोडे तरी उरले असतील तर पाकिटात घालून ठेव. का ते विचारू नकोस.

सगळे फोड उघडले. देवी आलेल्या माणसासारखी दिसते चिदोरी. तीन वेळा धुतली. आंबटपणा गेला का ते बघायला प्रत्येक खळग्याला जीभ लावून पाहिली. ताडपत्री बांधून आत चार दिवे आणि पंखा लावलाय. इवाओसान आले होते ओल मोजायचं यंत्र घेऊन. म्हणाले, "तेत्सु, अजून ओली आहे. शरद ऋतूपर्यंत ठेव अशीच." मी त्यांच्यावर ओरडलो. ऐंशी वर्षांचा माणूस, ज्यांनी हातात हातोडी दिली त्यांच्यावर. नंतर साकेची बाटली घेऊन माफी मागायला गेलो. त्यांनी घेतली नाही, पण दुसऱ्या दिवशी बघतो तर घासायची लांब पट्टी माझ्या दारात ठेवून गेलेले.

शरदपर्यंत थांबता येत नाही. लांबी भरायला घेतली आहे.

तुझे केस काय म्हणतात? रेडिओवाला म्हणतो पाऊस आठ जूनच्या पुढे. पण तुझ्या डोक्याइतकं त्याला कळत नाही. दमट हवेत रंग धरत नाही.

आणखी एक. वरच्या रंगाला दोन माणसं लागतात. एकानं रोलर फिरवायचा, दुसऱ्यानं मागोमाग कोरड्या ब्रशचं टोक ओढत यायचं, म्हणजे बुडबुडे फुटतात आणि रंग आरशासारखा बसतो. पंचवीस वर्षं रोलर मी आणि ब्रश नामिए. ती ब्रश कसा धरते ते मी कधी पाहिलंच नाही, मी पुढे असायचो. सहज विचारल्यासारखं विचार.

तेत्सुरो

ओनोमिची, १३ मे

भावजी,

सहज विचारल्यासारखं विचारलं. ताई म्हणाली, "तो विचारतोय ना?"

मग म्हणाली, "सांग त्याला, दाबायचं नाही. फक्त टोक, झोपलेल्या बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तसं. एकाच दिशेनं जायचं आणि राहिलेलं दुरुस्त करायला मागे यायचं नाही. मागे आलास की डाग पडतो. पंचवीस वर्षं ओरडतेय, पण कुठे काही राहिलंय का म्हणून तो पुढून मान वळवायचाच." बराच वेळ तिचा हात पांघरुणावरून एका बाजूकडून दुसरीकडे जात होता. चिदोरीची अख्खी बाजू ती मनातल्या मनात रंगवून गेली. मग दमली.

केस ठेवलेत पाकिटात. आणि माझं डोकं म्हणतंय की पाऊस लवकर येणार, महिनाअखेरीलाच.

आता खरं सांगते. काल डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. औषध थांबवतायत. तिच्या अंगात तेवढी ताकद राहिलेली नाही आणि गाठ वाढतेच आहे. ती पावसाळा काढेल असं त्यांना वाटत नाही. मी तिला काही बोलले नाही, पण तिला कळलंय. अर्धं वाचलेलं पुस्तक तिनं आज ग्रंथालयाला परत पाठवलं.

भावजी, मी हात जोडते. या. लोक काय म्हणतात ते सोडा, ती काय म्हणते तेही सोडा, कारण ती 'काम असेल त्याला' एवढंच म्हणते. मला बघवत नाही. तुम्ही आला नाहीत तर मी तुम्हाला मरेपर्यंत माफ करणार नाही. हे रागानं लिहीत नाहीये, आधी सांगून ठेवतेय.

हिसायो

हिनाशिमा, १९ मे

हिसायो,

डावी बाजू झाली, तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदा रोलर ठेवून ब्रश घेईपर्यंत कड सुकली आणि पट्टे उठले. घासून काढली. दुसऱ्यांदा संध्याकाळचं दव बसलं, सगळी चमक मेली. घासून काढली. तिसऱ्यांदा पहाटेची ओल उडाल्यावर सुरुवात केली, हातभर रोलर, मग ब्रश, मग पुन्हा रोलर, आणि नामिएनं सांगितलं तसं मागे आलो नाही. झाली. तिच्यात माझं तोंड दिसतं.

उजवी बाजू अजून प्रायमरवरच आहे, राखाडी. पाच कोरडे दिवस मिळाले की होईल.

तू माफ करणार नाहीस म्हणतेस. तर मग सगळंच ऐक.

होडी बांधणारा डोलकाठीच्या बुडाशी होडीचा देव बसवतो, हे तुला माहीत आहे. दोन फासे, बारा नाणी, कागदाची बाहुला-बाहुली आणि घरच्या बाईचे केस. मी नामिएकडे मागितले. तिनं पांढऱ्या कागदात पीळ घालून दिले. उघडून पाहायचं नसतं, म्हणून मी पाहिलं नाही. पोकळीत ठेवले आणि वरून फायबर चढवलं. बाहेर पाऊस पडत होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण फायबर चढवताना माझ्या कपाळावरून पाणी गळत होतं आणि तो घाम होता की पाऊस, मला माहीत नाही.

या फेब्रुवारीत डोलकाठीच्या बुडाशी चिक्-चिक् आवाज आला. म्हातारे म्हणतात होडीचा देव बोलला तर कान द्यावा. मी म्हटलं, वारा असेल. आठ दिवसांनी नामिएच्या पोटात गाठ निघाली. मार्चमध्ये होडी वर काढली तर तिच्या पोटात दोनशे चौदा फोड. आतून आंबलेले. माझ्या घाईनं.

मी अडाणी नाही, रोज पेपर वाचतो. पण सकाळी ताडपत्रीखाली शिरलो की मला दुसरं काही खरंच वाटत नाही. नामिए त्या होडीत आहे. मी तिला ओल्या हवेत कोंडलं आणि ती आतून नासली. होडी बरी झाली तर ती बरी होईल. एक दिवस काम सोडलं तर तो दिवस तिच्यातून वजा होईल. केस टाकू नकोस म्हटलं ते यासाठी. तिचं काही कचऱ्यात जाऊ नये. आणि तिच्यासमोर येऊन बसू तर काय तोंडानं? तुझी ही दशा मी केली म्हणून सांगू?

तिला पाच दिवस धीर धरायला सांग. फक्त उजवी बाजू राहिली आहे.

तेत्सुरो

ओनोमिची, २१ मे (तातडीची डाक)

भावजी,

तुमचं पत्र इस्पितळाच्या जिन्यात बसून दोनदा वाचलं. आता मी सांगते ते ऐका, आणि आधी हातातला ब्रश खाली ठेवा.

त्या कागदात ताईचे केस नाहीत. माझे आहेत.

तुम्ही केस मागितलेत तेव्हा लग्नाला महिना होता. ताईला लग्नात स्वतःच्या केसांचा अंबाडा घालायचा होता, भाड्याचा टोप नको होता. पुढची बट कापली तर अंबाडा बसणार नाही. रडायला लागली. नाही म्हणावं तर तुम्हाला वाईट वाटणार. मी वीस वर्षांची, माझ्या डोक्याची कुणाला पडली होती? मी म्हटलं, माझे घे, कागदात कोण बघतंय? स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि कापले. पीळ मात्र तिनंच घातला. आम्ही दोघी त्यावर किती वर्षं हसत होतो, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच.

तेव्हा तुमच्या होडीत कुणाचा जीव कोंडलेला असेलच तर तो माझा आहे, आणि मी ठणठणीत आहे. काल दोन वाडगे उदोन खाऊन वर ताईचं उरलेलं जेवण संपवलं. दोनशे चौदा फोड म्हणता, मला साधी पुटकुळी नाही. दोन महिने तुम्ही चुकीच्या बहिणीला वाचवताय भावजी, आणि जिला तुम्ही हवे आहात ती इथं दाराकडे बघत पडली आहे.

उजवी बाजू राहू द्या राखाडी. ब्रश धुवत बसू नका, वाळू दे मेला. चारची बोट धरा.

हिसायो

हिनाशिमा, १२ जुलै

हिसायो,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तिकडे रोज समोरासमोर होतो तेव्हा लिहायची गरज नव्हती, आणि ती गेल्यावर लिहिण्यासारखं काही सुचेना.

एकविसाला नामिएचा एकोणपन्नासावा दिवस. त्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवण्याआधी तुला एक सांगायला हवं.

मी आलो त्या संध्याकाळी तू चहा आणायला गेलीस, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फोड, देव, केस, सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "केस हिसायोचेच आहेत. माझे मी कुणाला कापू दिले असते का?" मग माझा हात ओढून नाकाशी नेला. "थिनरचा किती घाण वास येतोय," म्हणाली, पण सोडला नाही. पुढचे तीन दिवस दात कोरायच्या काडीनं माझ्या नखांतला रंग काढत होती. तू बघितलंसच. एकूण बारा दिवस मिळाले मला.

घरी आलो तर होडी तशीच होती, डावीकडून आरसा आणि उजवीकडून राख. हात लावावासा वाटेना. मागच्या आठवड्यात जोराचा पाऊस लागला आणि एकाएकी मनात आलं, आत हिसायोचे केस आहेत. आता तीच एक उरली आहे. डोलकाठीच्या बुडात पाणी शिरलं असेल तर? सकाळ होताच ग्राइंडर घेतला आणि ती जागा कापून उघडली.

आत कागद होता. पाहायचं नसतं, पण पाहिलं.

पीळ बोटभर जाडीचा, केस काळे आणि सरळ. गळाच्या दोरीसारखे सरळ. तुझे केस सरळ कधी होते गं? जन्मलीस तेव्हाही नसतील. निघताना तू माझ्या हाती दिलेल्या पाकिटातल्या केसांशेजारी धरून पाहिले. तेच.

म्हणजे तू खोटं बोललीस, आणि मरायला टेकलेली माझी बायकोही तुझ्या सुरात सूर मिसळून खोटं बोलली.

दोन दिवस मी वेड्यासारखा होतो. उजवी बाजू टाकून मी गेलो आणि ती गेली, एवढंच डोक्यात. धक्क्यावर उभा राहून ओनोमिचीकडे तोंड करून मी तुला शिव्या दिल्या. इवाओसान येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. मग मी त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "तेत्सु, हा तर कोरडा आहे."

मी ते पाहिलंच नव्हतं. कागद कोरडा होता. नाणी हिरवी पडली नव्हती, फासे हलवले तर खळखळले, बाहुल्यांची शाईसुद्धा फुटली नव्हती. सव्वीस वर्षांत एक थेंब आत गेला नाही. घाईत, पावसात, बाकी सगळी होडी मी बिघडवली, पण तिची जागा मी नीट बंद केली होती. ते पाणी तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं, हिसायो. मी जमिनीवर बसून रडलो. इवाओसाननी माझ्या डोक्यावर छत्री धरली.

मी राहिलो असतो तर उजवी बाजू झाली असती, आणि ती त्याच दिवशी गेली असती, दाराकडे बघत, आणि मी होडीखाली. हे मला दिवसा कळतं. रात्री कळत नाही. पण सध्या दिवस मोठे आहेत.

तिचे केस एकविसाला तिच्या अस्थींबरोबर ठेवीन. होडीतली जागा आता रिकामी आहे आणि केसांशिवाय होडी पाण्यात घालता येत नाही. घरच्या बाईचे लागतात. घरची बाई म्हणायला आता तूच. या वेळी खरोखर तुझे दे, ते वाकडेतिकडेच. तू मला वाचवायला जे खोटं बोललीस, ते मला खरं करून ठेवायचं आहे.

आणि उजव्या बाजूला दोन माणसं लागतील.

तेत्सुरो

ओनोमिची, १६ जुलै

भावजी,

हो, खोटं बोलले. पत्र टाकलं आणि जिना चढून वर येऊन ताईच्या कानात सांगितलं की भावजी आले की काय म्हणायचं. ती म्हणाली, "येईल तो?" म्हटलं, "येतील." दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी सरळ केली आणि चारच्या बोटीपर्यंत तशीच बसून राहिली. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा खोटं बोलेन.

तुम्ही दिलेल्या शिव्या इकडे ऐकू आल्या नाहीत. वारा उलटा असेल.

सोबत पांढरा कागद आहे. यात माझे केस आहेत, अर्धे पिकलेले, स्वयंपाकघरातल्याच कात्रीनं कापलेले. उघडून पाहायचं नसतं. पण तुमचा आता माझ्यावर विश्वास उरला नसेल, तर पाहा. स्वतः येतेय तरी आधी टपालानं पाठवले, म्हणजे ऐन वेळी बोटीवर न चढायला मला निमित्त राहणार नाही. ताईशिवायचं ते घर मी अजून पाहिलेलं नाही.

मी आयुष्यात ब्रश धरलेला नाही. मी दाबणार, मागे वळणार आणि डाग पाडणार. तुम्ही ओरडा. तिच्यासारखं ओरडता आलं तर बघा.

आज सकाळी कंगवा डोक्यातून कुठे न अडता खाली आला. पाऊस गेला भावजी. शनिवारी पहिल्या बोटीनं येते. रंगाचा डबा मी पोचेपर्यंत उघडू नका.

हिसायो